मेल येतो पण जात नाही: काकूंना एक जाहीर पत्र

काकू, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले असते तर "अगं, एवढं काय त्यात!" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. राउटर बंद-चालू करून थकलेलं माझ्यासारखं आणखी कुणी असेल, तर त्यालाही वाचू दे.

त्या शनिवारी मी केलेला फोन तुमच्या लेकीने तुमच्या हातात दिला, तेव्हा मेल अडकल्याचा माझा तिसरा दिवस होता. इंटरनेटची कंपनी बदलली आणि मेल जायचे थांबले. येत मात्र होते. ग्राहकांचे "भाषांतर कधी पाठवताय?" हे मेल बिनचूक पोहोचत होते आणि माझी उत्तरं आउटबॉक्समध्ये साचत होती. मिनिटभर ते चक्र फिरायचं आणि मग 'सर्व्हरने प्रतिसाद दिला नाही'. तोवर मी पासवर्ड तीनदा बदलला होता, खातं काढून पुन्हा जोडलं होतं, आणि अँटिव्हायरस उडवून टाकायच्या बेतात होते. कंपनीच्या हेल्पलाइनवर एकच प्रश्न: "वेबसाइट उघडतायत ना मॅडम? मग आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे."

तुम्ही फोनवर आल्या आल्या काही दुरुस्त करायला लावलं नाहीत. नुसतं विचारलंत. मेल येतात का? येतात. ब्राउझर उघडून तिथून पाठवला तर जातो? जातो. मग म्हणालात, "आता घरचं वाय-फाय बंद कर, मोबाइलचा हॉटस्पॉट लाव, आणि बाकी कशालाही हात न लावता तोच मेल पाठव." दोन सेकंदांत गेला. तीन दिवस अडकलेले अकरा मेल त्याच्या पाठोपाठ गेले. मी ओरडलेच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणजे लॅपटॉप निर्दोष, पासवर्ड निर्दोष, सर्व्हर निर्दोष, तुझा तो बिचारा अँटिव्हायरसही निर्दोष. उरलं कोण?"

खरं सांगते, त्या क्षणी कंपनीला चार शब्द सुनवायची माझी पूर्ण तयारी झाली होती. पण तुम्ही आधी ते काळ्या खिडकीचं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतलं, काम करायला लावलंत. विंडोजमध्ये टेलनेट, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरशी थेट जोडून बघायचा छोटा प्रोग्राम, बंद असतं, ते चालू करण्यात दहा मिनिटं गेली. तुम्ही एकदाही "दे इकडे, मी करते" म्हणाला नाहीत. टेलनेट, आमच्या मेल सर्व्हरचं नाव, आणि २५, म्हणजे सर्व्हरच्या ज्या दाराने (पोर्टने) आत जायचं त्याचा नंबर. काहीच नाही, बराच वेळ वाट पाहून जोडणी फसली. मग तेच, पण शेवटी ५८७. लगेच २२० ने सुरू होणारी एक ओळ उमटली. "हा बघ, सर्व्हर नमस्कार म्हणतोय," तुम्ही म्हणालात. इतकी वर्षं मेल वापरते, पण सर्व्हर बोलतो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं तुम्ही जे सांगितलंत ते मी लिहून ठेवलंय. मेल पाठवण्याची ही पद्धत १९८२ची. तेव्हा जाळं लहान, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे २५ नंबरच्या दारावर 'तू कोण' हे विचारायची सोयच नव्हती. पुढे व्हायरस लागलेले घरोघरचे कॉम्प्युटर मालकाच्या नकळत त्याच दारातून हजारोंनी स्पॅम सोडू लागले. म्हणून कितीतरी इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांना बाहेरच्या २५ वर जाऊच देत नाहीत. ते दार आता सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचं. आपल्यासारख्यांसाठी १९९८ साली ५८७ हे वेगळं दार ठरलं, तिथे नाव आणि पासवर्ड देऊनच आत जायचं. ४६५ सुद्धा चालतं, तिथे पहिल्या अक्षरापासून सगळं कुलूपबंद जातं, आणि २०१८पासून तर तेच आधी वापरा अशी शिफारस आहे. मेल येण्याची दारं वेगळी आणि ब्राउझरचंही वेगळं, म्हणून बाकी सगळं सुरळीत. माझी सेटिंग कुणीतरी फार पूर्वी २५ वर करून दिलेली; जुन्या कंपनीने कधी अडवलं नाही म्हणून ती चालून गेली.

कंपनीवरचा माझा राग यावर थोडा उतरला, पूर्ण नाही. दार लावलं ते ठीक, पण पाटी कोण लावणार? निदान हेल्पलाइनवरच्या माणसाला तरी सांगून ठेवायचं.

आणि एक कबुली राहिली होती. तुमच्याशी बोलण्याआधी हेल्पलाइनवरच्या दुसऱ्या एकाने "आमचा सर्व्हर टाका" म्हणून सुचवलं होतं आणि मी टाकला होता. मेल गेलाही, आणि ५५० आकड्यासह परत आला. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. तुम्ही तो परतीचा मेल वाचून दाखवायला लावलात. माझा पत्ता माझ्या स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे @ च्या पुढचं नाव माझं स्वतःचं. त्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी जाहीर असते, आणि कंपनीचा सर्व्हर त्या यादीत नव्हता. घेणाऱ्याला वाटलं, कुणीतरी माझ्या नावाने पत्र टाकतंय. आकडा चारने सुरू झाला तर थांबायचं, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पाचने सुरू झाला तर तेच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, हे तेव्हा कळलं. मी तर त्या परतीच्या मेलांना आजवर न वाचताच उडवत आले होते.

५८७ टाकल्यावर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल सूचना आली आणि माझं बोट सवयीने 'ठीक आहे'वर गेलं, तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "थांब! नाव वाच आधी." सेटिंगमधलं नाव एक होतं, प्रमाणपत्रावरचं दुसरं. माझा मेल सर्व्हर चालवणाऱ्या होस्टिंगवाल्यांनी दिलेलं खरं नाव टाकलं, सूचना गेली. शनिवारची तुमची दुपारची झोपही गेली, त्याबद्दल क्षमा.

आता शेवटची गोष्ट, जी तुम्हाला अजून माहीत नाही. सोमवारी लक्षात आलं की आमचा स्कॅनरही मुका झालाय. कागद स्कॅन करून तो मेलने पाठवतो, आणि त्याच्या पोटातही २५ च निघाला. या वेळी फोन केला नाही. त्याच्या छोट्या पडद्यावर एकेक अक्षर टिपत ५८७ घातलं, सुरक्षित जोडणी चालू केली, आणि चाचणीचा पहिला मेल तुम्हाला पाठवला. तुमच्या इनबॉक्समध्ये सोमवारी विषय नसलेला, एक कोरं पान जोडलेला मेल आला असेल, तो माझा आहे. कागद उलटा ठेवला गेला होता.

तुमच्या लेकीची मैत्रीण