आधी आठवण लिहून घ्या, मग १९८६ ची फायनल लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२९ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ ने हरवून विश्वचषक जिंकला. येत्या २९ जूनला त्या सामन्याला ४० वर्षे पूर्ण होतात. कोल्हापुरात ही तारीख तशीच निघून जाणार नाही. पेठांमध्ये मॅराडोनाचे फलक लागतील, तालमीच्या हॉलमध्ये पडदा बांधून तो सामना पुन्हा बघण्याचे बेत ठरतील. ते जरूर ठरावेत. फक्त एक कळकळीची विनंती आहे: सामना लावण्याआधी, ज्यांनी तो त्या रात्री पाहिला त्यांच्या आठवणी नोंदवून घ्या. हा क्रम उलटा झाला तर हातात काही उरत नाही. पडद्यावर आज दिसलेले आणि तेव्हा पाहिलेले एकमेकांत असे मिसळते की सांगणाऱ्यालाही ते नंतर वेगळे काढता येत नाही.

एवढा आग्रह कशासाठी, तर आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमसाठी. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये आणि नॉकआउट स्पर्धांमध्ये पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी या तालमी-मंडळांच्या संघांचे जे सामने गाजले, त्यांतल्या जुन्या फायनलचे चित्रण जवळपास नाहीच. जे आहे ते माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. आठवण कुठे पक्की असते आणि कुठे घसरते, हे आधी कळले पाहिजे. त्यासाठी असा सामना हवा की जो कोल्हापुरातल्या हजारोंनी एकाच रात्री पाहिला आणि ज्याचे पूर्ण चित्रण आज तपासायला मिळते. १९८६ ची फायनल त्यासाठी अगदी योग्य आहे.

आठवण कुठे घसरते ते या सामन्यातच बघा. ‘फायनलला मॅराडोनाने गोल मारला’ असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने फायनलमध्ये एकही गोल केलेला नाही. पाच गोल कोणाचे, तर २३ व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा ब्राऊन, ५५ व्या मिनिटाच्या सुमारास अर्जेंटिनाचाच वाल्दानो, मग ७४ व्या मिनिटाला जर्मनीचा रुमेनिगे, ८१ च्या आसपास जर्मनीचाच व्होलर, आणि ८४ च्या आसपास अर्जेंटिनाचा बुरुचागा. मॅराडोनाचे दोन-दोन गोल झाले ते २२ जूनला इंग्लंडविरुद्ध आणि २५ जूनला बेल्जियमविरुद्ध. हे दोन्ही सामनेसुद्धा अझ्टेकावरच झाले होते. मैदान एक, माणूस एक, आठवडा एक, गफलत होणारच. सांगणारा खोटे बोलत नसतो, तीन रात्री त्याच्या डोक्यात एक झालेल्या असतात.

त्या वेगळ्या करायच्या कशा? शर्टाच्या रंगावरून. रंग मात्र विचारू नका, ‘गडद की फिकट’ एवढेच विचारा. १९८६ मध्ये पुष्कळ घरांत टीव्ही कृष्णधवल होता. फायनलला अर्जेंटिना आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांत आणि जर्मनी हिरव्या शर्टात होती, म्हणजे कृष्णधवल पडद्यावर अर्जेंटिना फिकट आणि जर्मनी गडद. इंग्लंडच्या सामन्यात अर्जेंटिना गडद निळ्या शर्टात होती आणि इंग्लंड पांढऱ्या. त्यामुळे ‘अर्जेंटिना गडद होती’ असे कोणी म्हणाले तर तो बहुधा इंग्लंडविरुद्धचा हा उपांत्यपूर्व सामना सांगतो आहे, किंवा १९९० ची रोमची फायनल, जिथे जर्मनी पांढऱ्यात आणि अर्जेंटिना निळ्यात होती आणि जर्मनीच्या ब्रेमेच्या पेनल्टीवर निकाल लागला. याच दोन संघांत लागोपाठ दोन फायनल झाल्या, त्यामुळे हा घोळ फार होतो.

दुसरी खूण सावलीची. अझ्टेकावर मैदानाच्या मधोमध वर ध्वनिक्षेपकांचा सांगाडा टांगलेला होता. जूनच्या शेवटी मेक्सिको सिटीत दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सामना तिथल्या दुपारी १२ ला सुरू झाला, त्यामुळे त्या सांगाड्याची कोळ्यासारखी काळी सावली मधल्या वर्तुळाच्या आसपास पडलेली दिसते. हे कृष्णधवल टीव्हीवरही स्पष्ट दिसत होते. इंग्लंडचा सामनाही दुपारी १२ चाच, तेव्हा ही खूण त्या दोघांना वेगळे करत नाही; पण बेल्जियमचा उपांत्य सामना तिथल्या दुपारी ४ चा होता, तो त्यातून बाजूला निघतो.

तिसरी खूण घड्याळाची, आणि ही खास आपल्या इथली. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. ब्राऊनचा गोल झाला तेव्हा इथे बाराला सात-आठ मिनिटे कमी होती. बाकीचे चारही गोल मध्यंतरानंतर, साडेबारा उलटून गेल्यावर, म्हणजे कोल्हापूरच्या कॅलेंडरप्रमाणे ३० जूनला पडले. सामना संपला तेव्हा सव्वा वाजून गेला होता. बेल्जियमचा सामना आपल्याकडे पहाटे साडेतीनला होता. ‘मॅच संपली आणि उजाडलं’ असे कोणी सांगितले तर तो फायनलबद्दल बोलत नाही, हे लगेच ओळखता येते.

आता नोंद कशी घ्यायची ते. एका वेळी एकाच माणसाशी बोला. कट्ट्यावर पाच जण बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटते. पंखा बंद करा. माणसाच्या कानाला न जाणवणारी त्याची घरघर फोन बरोबर टिपतो. फोन टेबलावर आडवा ठेवू नका, कपबशी हलली तरी दणका बसतो. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि फोन तोंडापासून फूटभर अंतरावर असू द्या. आधी दहा सेकंद बोलून ऐकून बघा. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे नाव, जन्मवर्ष, १९८६ मध्ये राहण्याची पेठ, टीव्ही कोणाच्या घरचा आणि कृष्णधवल की रंगीत, हे रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले की चिठ्ठी हरवते आणि आवाज बेवारस होतो. नोंद कशासाठी घेतोय, कोण ऐकणार, हे त्यांना आधी सांगा आणि त्यांची परवानगीही रेकॉर्ड करा. वीस ते तीस मिनिटे पुरतात. त्यापुढे वयस्कर माणूस दमतो आणि तुमच्या मनासारखी उत्तरे द्यायला लागतो.

प्रश्न मोकळा विचारा. ‘ब्राऊनचा खांदा निखळला होता ते आठवतंय ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी ‘अर्जेंटिनाच्या कुठल्या खेळाडूला काही लागलं होतं का?’ असे विचारा आणि गप्प बसा. चुकले तरी दुरुस्त करू नका. सगळे सांगून झाल्यावर एकच प्रश्न: हे त्या रात्री पाहिले की नंतर कधी? १९८० नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न अजिबात सोडू नका. ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

एवढे झाले की मग सामना. पूर्ण ९० मिनिटे दाखवा, फक्त गोलांची जोडपट्टी (हायलाइट्स) नको. त्या पट्टीत हा सामना कळतच नाही. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक बिलार्डो यांनी मागे ब्राऊनला मोकळा ठेवून त्याच्या पुढे दोन बॅक, मध्ये पाच आणि सर्वांत पुढे दोन अशी मांडणी केली होती. जर्मनीचे प्रशिक्षक बेकेनबाउर यांनी मॅराडोनाच्या अंगावर मॅथॉसला सोडले होते. मॅथॉसला ओढत मॅराडोना कुठे कुठे जातो आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत कोण शिरते, हे पाहण्यातच सामन्याची गंमत आहे, आणि ते पट्टीत एका क्षणाचेही दिसत नाही. पहिला गोल बुरुचागाच्या फ्री किकवर. गोलरक्षक शुमाकर रेषा सोडून पुढे आला, चेंडू त्याच्या हाताला लागला नाही आणि ब्राऊनने हेडर मारला. ब्राऊनचा अर्जेंटिनासाठी तो एकमेव गोल. दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या खांद्याला जबर दुखापत झाली, तरी तो बाहेर गेला नाही. शर्ट दाताने फाडून भोक पाडले, त्यात बोट अडकवले आणि हाताला झोळीसारखा आधार करून शेवटपर्यंत खेळला. पडद्यावर त्याचा तो छातीशी धरलेला हात शोधा, नक्की दिसेल.

जर्मनीचे दोन्ही गोल ब्रेमेच्या कॉर्नरवरून. पहिल्यात व्होलरने जवळच्या खांबाशी डोक्याने चेंडू पुढे ढकलला आणि रुमेनिगे घसरत आला. दुसऱ्यात बर्थोल्डने हेडरने चेंडू परत गोलसमोर दिला आणि व्होलरने आत घातला. दोन्ही वेळा चूक एकच: पहिल्या हेडरकडे सगळ्यांचे डोळे, त्यानंतर चेंडूवर येणाऱ्या माणसाकडे कोणाचेच नाही. आपल्याकडच्या सामन्यांतही कॉर्नरवर बॅक असेच फसतात. दोन गोलांची आघाडी गेली, आणि बरोबरी झाल्यावर जर्मनीचा संघ आणखी पुढे सरकला. इथेच मागे मोकळे मैदान पडले. मधल्या वर्तुळाजवळ मॅराडोनाभोवती हिरवे शर्ट जमले होते. त्याने चेंडू थांबवलाच नाही, डाव्या पायाने तसाच पुढे सोडला. बुरुचागा धावला, मागे ब्रीगल. शुमाकर पुढे आला आणि चेंडू त्याच्या बाजूने आत गेला. मॅराडोनाने या स्पर्धेत पाच गोल केले आणि पाच करून दिले. हा पाचवा करून दिलेला.

दाखवताना एक चूक सर्रास होते. जुने चित्र ४ : ३ मापाचे असते. ते आजच्या रुंद पडद्यावर ताणले की खेळाडू बुटके-जाडे दिसतात आणि ‘भरून’ दाखवले की वरखालचा भाग कापला जातो, नेमका टचलाइनजवळचा खेळ त्यात जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. बंद हॉलमध्ये आठ फूट बाय सहा फुटांच्या पडद्याला साधारण ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी आडवी येतात. मैदानावर किंवा चौकात करू नका; जूनअखेरीस कोल्हापूरचा पाऊस कोणाचे ऐकत नाही. पत्र्याच्या शेडमध्येही पाऊस लागला की आवाज बुडतो, स्लॅबचा हॉल बघा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर आतला पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा उडतो, म्हणून छोटा यूपीएस हवाच. आणि सार्वजनिक ठिकाणी दाखवण्याची परवानगी आधी मागून घ्या. यंदाच्या विश्वचषकाचे सामनेही त्याच दिवसांत आहेत, पण आपल्याकडे ते रात्री उशिरा लागतात. संध्याकाळी सातला सुरू केले तर नऊपर्यंत सगळे मोकळे होतील.

घरात जुन्या कॅसेट असतील तर काळजी घ्या. आपल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पांढरट ठिपके दिसले तर ती कॅसेट चालवून बघण्याचा मोह आवरा; व्हीसीआरच्या हेडवर बुरशी बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कात्रणांना लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर नकोच. वर्तमानपत्राचा कागद मुळात आम्लयुक्त असल्याने पिवळा पडून ठिसूळ होतो आणि चिकटपट्टीचा डिंक त्यात मुरतो, मग सोडवताना अक्षरच निघून येते. कात्रण सपाट ठेवा, ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पाठीमागे नाही, वेगळ्या पाकिटावर पेन्सिलीने वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहा. तारीख नसलेले कात्रण पुराव्याला अर्धेच उपयोगी पडते.

हीच पद्धत मग शाहू स्टेडियमच्या फायनलसाठी वापरायची. तिथे पडताळायला चित्रण नाही, म्हणून नियम थोडा कडक: दोन प्रतिस्पर्धी तालमींच्या, एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितली आणि तिला छापील बातमीचा आधार मिळाला, तरच ती पक्की धरायची. गोल कुठल्या टोकाला झाला, सांगणारा कुठल्या बाजूला बसला होता, ऊन डोळ्यांवर येत होते का, निकाल ९० मिनिटांत लागला की टायब्रेकरवर, हे विचारा. जुळत नसेल तर दोन्ही म्हणणी नावासकट जपून ठेवा. एक खोडून दुसरे ठेवू नका.

आपल्याकडे, संपादक महोदय, एकच मागणे. सामना आपल्या वेळेनुसार रात्री सव्वा वाजून गेल्यावर संपला, तेव्हा निकाल त्या सकाळच्या अंकात पूर्ण आला असेलच असे नाही. म्हणून ३० जून आणि १ जुलै १९८६ या दोन्ही अंकांची क्रीडा पाने आपल्या बांधीव फायलींतून या महिन्यात वाचकांना पाहायला द्यावीत. फायली झेरॉक्स यंत्रावर उलट्या दाबू देऊ नयेत, त्याने शिवण उसवते. उशीवर अर्धवट उघडून, फ्लॅशशिवाय, वरून फोटो काढू द्यावा. पाने उलटायला आणि नोंदी ठेवायला आम्ही रोज दोन माणसे पाठवू.

आपले,
मंगळवार पेठेतील काही फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर