‘ख’मध्ये खमध्य

नाशिक,
रविवार, दुपार

चि. ओम,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला गेल्यावर तुझ्या खोलीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण या पावसात मागच्या भिंतीला ओल आली आणि पलंग ओढावा लागला. गादीखाली फिजिक्सचं गाईड निघालं. बारावी होऊन गेली तरी हे इथे कशाला, म्हणून उघडलं, तर कव्हर तेवढं फिजिक्सचं. आत डेव्हिड लेव्हिथनची ‘द लव्हर्स डिक्शनरी’. बाबांना दाखवली नाही. मीच वाचली, दोन दुपारी.

तुला एक सांगते. प्रेमकथा मी नेहमी मागून वाचते. कॉलेजात असताना सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, कादंबरी आणली की रिक्षातच शेवटचं पान बघायचे. दोघांचं जमतंय ना? मग घरी जाऊन निवांत पहिल्या पानापासून. (ते वाचनालय १८४० सालचं. तेवढ्या काळात माझ्यासारख्या किती चोरट्या होऊन गेल्या असतील!) तुझ्या पुस्तकाचंही शेवटचं पान आधी उघडलं. तिथे ‘झेनिथ’ हा शब्द आणि खाली थोडासा मजकूर. ना लग्न, ना ताटातूट. झेड आला म्हणून पुस्तक संपलं. माझी इतकी फजिती आजवर कुठल्या लेखकाने केली नव्हती.

मग शहाण्यासारखी ‘ए’पासून सुरुवात केली. शब्दकोशात असतो तसा शब्द, पण त्याखाली अर्थाऐवजी त्या दोघांच्या एकत्र राहण्यातला एखादा तुकडा. कधी पानभर, कधी एकच ओळ. नावं नाहीत, नुसते ‘मी’ आणि ‘तू’. त्यातल्या एकाचं पिणं, मग झालेली फसवणूक, हे सगळं आपल्याला कळतं ते मुळाक्षरांच्या क्रमाने. पुढचं आधी, मागचं नंतर. आजी असती तर म्हणाली असती, हा काय काला केलाय.

पुस्तक आलं २०११ साली, तेही मोठ्यांसाठी. अमेरिकेतले ग्रंथपाल दरवर्षी मोठ्यांची अशी दहा पुस्तकं निवडतात, जी १२ ते १८ वयाच्या वाचकांनाही धरून ठेवतील. ॲलेक्स पुरस्कार म्हणतात त्याला. २०१२च्या यादीत हे होतं. म्हणजे गादीखाली ठेवणारा तू एकटा नाहीस.

बाबांना कळलं असतं तर ते म्हणाले असते, रील बघायची सवय, चार ओळींपुढे लक्ष कुठे टिकतंय. मलाही आधी तसंच वाटलं. मग तुझे पेन्सिलीचे आकडे दिसले. प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा. ७ खोडून १२, कुठे नुसतं प्रश्नचिन्ह. खरी घटना कुठली आधी आणि कुठली नंतर, हे तू लावत बसला होतास! मी वाचायचे त्या कादंबऱ्यांत लेखक बोट धरून न्यायचा. आता हसा, आता डोळे पुसा. इथे लेखक विस्कटून ठेवतो आणि निघून जातो. तुझ्या वयात मला असं कुणी एकटं सोडलं असतं तर मीसुद्धा गादीखालीच ठेवलं असतं.

आणि ते समासातलं मराठी! पहिल्या ‘ॲबरंट’पुढे तू ‘वावगं’ लिहिलंस. छान आहे, पण मराठीत ते जाईल ‘व’मध्ये, जवळजवळ शेवटी. आणि झेनिथ म्हणजे खमध्य, आकाशातला बरोबर डोक्यावरचा बिंदू, म्हणजे ‘ख’. पुस्तकाचा शेवट सुरुवातीला येऊन बसला. मराठी शब्दकोश केला तर तीच माणसं, तीच भांडणं, पण वाचणाऱ्याला सगळं निराळ्या क्रमाने कळणार. कदाचित राग निराळ्याच माणसाचा येईल. ‘लव्ह’खाली तर लेखकाने सरळ हात टेकलेत. तू तिथे ‘प्रेम, माया, जीव’ असे तीन शब्द ओळीने लिहिलेस आणि एकही खोडला नाहीस.

जास्त विचार मी एकाच जागी केला. ‘आय सेड’ इंग्रजीत खुशाल चालतं, बोलणारा कोण ते क्रियापद सांगत नाही. मराठीत ‘म्हणालो’ की ‘म्हणाले’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. तू सगळीकडे ‘म्हणालो’ लिहिलंयस. मी मनात मराठी करत वाचत होते, तर माझ्याकडे ‘म्हणाले’ होतं. ठरवून नाही रे, आपसूक. लग्नाला बावीस वर्षं झालेली बाई आणि अठरा वर्षांचा मुलगा, दोघं एकाच ‘मी’त शिरून बसलो होतो.

सगळंच आवडलं असं नाही. काही नोंदी निव्वळ हुशारी दाखवायला आहेत, शब्दावर कोटी केली की झालं. असली आडवळणं आपल्याकडेही जुनीच आहेत म्हणा. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ वाच. १९३९ सालचं. युरोपातून मुंबईला येणारी बोट, तिच्यावर आपला एक मराठी माणूस आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली एक ज्यू मुलगी. हॅर्टाच्या पत्रांपाशी पोचलास की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. त्याचं शेवटचं पान मात्र आधी बघू नकोस. मी बघितलं होतं.

इकडे गोदेला पाणी आहे, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं म्हणतात. बाबा बघायला गेलेत, म्हणून हे लिहून होतंय.

पुस्तक, ‘रणांगण’ आणि चिवडा उद्याच्या पार्सलने पाठवते. फिजिक्सचं कव्हर काढलेलं नाही. तू ‘झेनिथ’पुढे सगळ्यात मोठा आकडा टाकलायस, म्हणजे तुझ्या हिशेबाने तिथे सगळं नीट होतं. मला ते पटत नाही. ती आठवण आधीची आहे, फसवणुकीच्याही आधीची. मी शेजारी माझा आकडा लिहिलाय, पेन्सिलीनेच. तुझा खोडलेला नाही.

तुझी,
आई