अप्पांच्या डोक्यातली शीर : शैलाला पत्र

प्रिय शैला,

तू पाठवलेली अप्पांच्या मेंदूच्या एमआरआयची सीडी काल रात्री सावकाश बसून पाहिली. फोनवर बोलता आलं असतं, पण तू, दादा आणि अप्पा तिघांनीही हे वाचावं असं मला वाटतं, म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट. अप्पांना जे झालं त्याला घरात कुणी ‘चक्कर’ म्हणू नका. उजव्या हातातून बशी निसटली, तोंडातून शब्द फुटेना आणि पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण एमआरआयमध्ये डाव्या बाजूला पाच-सहा बारीक पांढरे ठिपके आहेत, एकामागे एक, माळेसारखे. म्हणजे हा छोटा का होईना, स्ट्रोकच होता, रक्त न पोचल्याने मेंदूच्या त्या भागाला झालेली इजा. ठिपक्यांची जागाही बोलकी आहे. मेंदूतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांचे प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दोघींच्याही शेवटच्या फांद्या पोचतात. वरून रक्ताचा दाब कमी पडला की पहिली उपासमार तिथेच होते. असा दुसरा झटका येण्याची भीती पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असते.

आता त्या शिरेबद्दल. उजवीकडची मधली मेंदू-धमनी अखंड दिसते. डावीकडची थोडी पुढे येते, मध्येच तुटल्यासारखी होते आणि पुन्हा सुरू होते. रिपोर्टमध्ये ‘80 ते 85 टक्के अरुंद’ लिहिलंय, ते वाचून दादाच्या पोटात गोळा आला असणार. पण ही एमआर अँजिओ आहे, म्हणजे एमआरआय मशीनवरच काढलेलं शिरांचं चित्र, आणि ती साध्या पद्धतीची, औषध न टोचता केलेली. तिच्यात शिरेची भिंत दिसत नाही, वाहतं रक्त दिसतं. अरुंद जागी रक्त घुसळतं, मंदावतं, तिथे चित्रातून पुसलं जातं, आणि अडथळा आहे त्याहून मोठा दिसतो. शिवाय ही शीर मुळात जेमतेम तीन मिलिमीटरची. 70 टक्के अरुंद म्हणजे 0.9 मिलिमीटर मोकळी, 80 टक्के म्हणजे 0.6. सगळा वाद त्या 0.3 मिलिमीटरचा! म्हणून क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून सीटी अँजिओ, म्हणजे औषध टोचून सीटीवर काढतात ते शिरांचं चित्र, करून घ्या. मानेतल्या शिरा तिच्यातही दिसतील, पण डॉपलरमध्ये, म्हणजे मानेच्या सोनोग्राफीत, त्या स्वच्छ आहेत, ही खरंच चांगली बातमी.

डीएसए, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करतात ती अँजिओग्राफी, अजूनही सगळ्यात खरं चित्र देते. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी 1927 साली मेंदूच्या शिरांचा पहिला असा एक्स-रे काढला, तेव्हापासून तिचं मूळ तत्त्व तेच आहे. अडथळ्याच्या पलीकडे रक्त किती उशिरा पोचतं, शेजारच्या शिरांनी आडवाटेने मदत पाठवायला सुरुवात केलीय का, हे तिच्यात डोळ्यांसमोर दिसतं. पण तिच्यातही थोडा का होईना, स्ट्रोकचा धोका आहे. त्यामुळे पुढे काही प्रोसिजर करायचा विचार असेल तरच ती करावी, नुसत्या कुतूहलापोटी नाही.

आता दादाचा प्रश्न : ‘मामांच्या हृदयात स्टेंट घातला, तिसऱ्या दिवशी ते घरी आले. मग अप्पांना का नको?’ प्रश्न अगदी रास्त आहे. जगभरातल्या डॉक्टरांनाही असंच वाटत होतं. अमेरिकेत मेंदूच्या शिरेतल्या स्टेंटचा, म्हणजे शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा, मोठा अभ्यास झाला, सॅम्प्रिस नावाचा. 70 ते 99 टक्के अरुंद शीर आणि नुकताच झटका येऊन गेलेले 451 रुग्ण. निम्म्यांना नेटानं औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि वर स्टेंट. 2011 मध्ये तो मध्येच थांबवावा लागला, कारण पहिल्या तीस दिवसांतच स्टेंटवाल्यांपैकी 14.7 टक्के लोकांना स्ट्रोक किंवा मृत्यू आला, नुसत्या औषधांवर असलेल्यांत 5.8 टक्के. पुढे दोन-तीन वर्षं पाहिलं तरी औषधंच सरस ठरली. चीनमधल्या 2022 च्या अभ्यासात अनुभवी हातांनी, रुग्ण निवडून स्टेंट घातले. तिथे नुकसान जास्त झालं नाही, पण फायदाही दिसला नाही.

असं का होतं, हे दादाला नीट सांग. हृदयाची शीर स्नायूवर बसलेली, जाड भिंतीची. मेंदूची शीर पाण्यात तरंगती, भिंत पातळ, आणि तिच्या अंगातून केसासारख्या फांद्या सरळ मेंदूच्या गाभ्यात शिरतात. त्या फांद्यांना दुसरा आधार नाही. तुमच्या उसाच्या पाटात गाळ साचला आणि तो आतून दाबून कडेला सारला, तर पाट मोकळा होतो पण सऱ्यांची तोंडं बुजतात. स्टेंट उघडला की चरबीचा थर असाच त्या फांद्यांच्या तोंडात दाबला जाऊ शकतो. शीर चित्रात सुरेख दिसते आणि माणसाचा हात गेलेला असतो. असे फोटो मी पाहिलेत, आणि म्हणून ‘उघडून टाका’ हे शब्द ऐकले की मला धास्ती वाटते.

आता दुसरी बाजूही तुला माहीत हवी. 2024 मध्ये चीनमधलाच बेसिस नावाचा अभ्यास आला. त्यात स्टेंट न ठेवता, शीर रुंद करायला आत लहान फुगा अगदी हळू, पूर्ण न फुगवता वापरला. वर्षभरात त्या गटात 4.4 टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, नुसत्या औषधांच्या गटात 13.5 टक्के. आकडे मोह पाडणारे आहेत. पण पहिल्या महिन्यातला धोका फुग्यातच जास्त होता, आणि दर शंभरांत चौदा-पंधरा जणांच्या शिरेच्या अस्तराला चीर गेली. हे रोज करणारी टीम हवी. माझं मत विचारशील तर फुगा ही अप्पांची दुसरी पायरी. औषधं नीट चालू असताना पुन्हा झटका आला, तर त्या दिवशी मी स्वतः तुला फुग्याबद्दल विचारायला सांगेन. आज नाही.

म्हणजे आज सगळी भिस्त गोळ्यांवर, आणि इथेच घरं ढिली पडतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही मिळून साधारण तीन महिने, पुढे एकच. कुणी दात काढायचा म्हणून परस्पर बंद करायला सांगितलं तर आधी न्यूरॉलॉजिस्टना फोन. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या शरीरात क्लोपिडोग्रेल पुरतं कामाला लागत नाही, ते जन्मजात असतं. त्याची तपासणी करायची का, हेही विचार. आणि अप्पा मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून खातात ना, तिचं पाकीट बघ. ओमेप्राझोल असेल तर क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो, डॉक्टरांकडून बदलून घे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 70 च्या खाली यायला हवं. अप्पांचं 142 आहे, म्हणजे डोस वाढेलच. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद’ हे त्या घरात होऊ देऊ नकोस.

बीपीचं मशीन घे, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं बसवून मोजायचं आणि वहीत लिहायचं. वरचा आकडा 140 च्या खाली आणायचाय, पण काही आठवड्यांत, हळूहळू. शीर अरुंद असताना बीपी एकदम पाडलं तर तेच ठिपके वाढतील. याच कारणासाठी निर्जळी एकादशी बंद. अप्पा ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. त्यांना सांग, पाणी पिऊन केलेला उपवास विठोबाला चालतो, हे मी जबाबदारीने लिहितेय. उन्हात शेतावर जाताना बाटली बरोबर हवी. तंबाखूची डबी मात्र काकूंनी आजच ताब्यात घ्यावी, त्यात तडजोड नाही.

आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर ‘मागच्यासारखं जाईल’ म्हणून थांबायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांतच देता येतं आणि तुमच्या गावाहून कराडपर्यंतचा वेळही त्यातच मोजायचा. चोवीस तास सीटी चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं, हे आजच विचारून ठेव. गाडी कोण काढणार, तेही ठरवून ठेवा.

मी चित्रं वाचते, औषधं तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात. म्हणून हे पत्र त्यांना दाखवायला लाजू नकोस. त्यांना नेमकं विचार : फुगा किंवा स्टेंट आत्ताच का, औषधं पुरेशी देऊन पाहिली का, आणि मेंदूच्या शिरेत असं काम त्यांच्याकडे किती होतं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

सीटी अँजिओ झाली की नुसता रिपोर्ट पाठवू नकोस, पूर्ण सीडी पाठव. मी त्याच दिवशी बघेन. काकूंना नमस्कार, अप्पांना साष्टांग, आणि दादाला सांग, रात्री अकरानंतरही फोन केलास तरी चालेल.

तुझीच,
मंगल