बादलीत खत तापत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला घरच्या घरी गरम खत, म्हणजे कचरा आतून तापून झटपट कुजतो ते खत, करण्याचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. पण वीस लिटरच्या बादलीत अठरा दिवसांत खत होते, हे लेखकाने स्वतः करून पाहिले आहे काय?

मी पाहिले आहे. गेल्या पावसाळ्यात असाच एक लेख वाचून गॅलरीत बादली मांडली. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा, वर मूठभर वाळका पाला. दहाव्या दिवशी हात घातला तर गार! पंधराव्या दिवशी अळ्या वळवळू लागल्या आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी निरोप धाडला, "भाऊ, तुमच्याकडे उंदीर मेलाय का?" सौभाग्यवतींनी दुसऱ्याच सकाळी बादली कचरागाडीत रिकामी केली. तेव्हापासून घरात माझ्या बागकामाचा विषय निघाला की सगळे नाकाला पदर लावतात.

हिवाळ्यात धाकट्या भावाच्या अंगणात मीटरभर लांब, रुंद, उंच ढीग रचला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला, मधून शेण, ओल पिळलेल्या फडक्याइतकी. चौथ्या दिवशी आत खुपसलेली सळई उपसली तर हातात धरवेना! तणाचे बी मरायचे तर ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस राहावा लागतो. बादलीतली ऊब चारी बाजूंनी निघून जाते, ती कुठली टिकणार?

लेखात सारे श्रेय कॅलिफोर्नियाला. अठरा दिवसांची पद्धत तिकडची, कबूल. पण ढीग रचून, उलटून खत करण्याची 'इंदूर पद्धत' जगाला ठाऊक आहे, फक्त इंदूरच्या वर्तमानपत्राला नाही! इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी ती इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात बसवली. तीन वेळा उलटायचे, तीन महिन्यांत खत. १९३१ साली तिच्यावर पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव छापलेले आहे. वाड! २०१७पासून शहराच्या स्वच्छतेतल्या पहिल्या नंबराचे मथळे आपण हौसेने छापता, या गृहस्थाला दोन ओळी देता आल्या नसत्या?

ता. क. गेल्या दोन रविवारचे शब्दकोड्याचे उत्तर छापलेले नाही. आडवा सातवा शब्द अजून अडलेला आहे.

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर