युरोबीटची कव्हर गीते आणि मूळ गायकांचे श्रेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नृत्यसंगीताच्या वाटचालीवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. मांडणी चांगली आहे. परंतु जपानमधील युरोबीटचा, म्हणजे तिथे रुजलेल्या वेगवान युरोपीय नृत्यसंगीताचा, विषय निघताच, परक्यांच्या चाली उचलून त्यांवर जपानी शब्द बसवण्याचा उद्योग, अशा आशयाच्या एका वाक्यात लेखकाने तो निकालात काढला आहे. युरोबीट मी अनेक वर्षे मनापासून ऐकत आलो आहे आणि हा शेरा वस्तुस्थितीला धरून नाही, हे मला नोंदवावेसे वाटते. या संगीतात कोणावर अन्याय झालाच नाही, असे माझे म्हणणे नाही. तो झाला, पण चाली रचणाऱ्यांपेक्षा त्या चाली प्रथम गाणाऱ्यांच्या वाट्याला तो अधिक आला, आणि लेखातील शेऱ्यामुळे नेमकी हीच बाब नजरेआड होते.

मुळात युरोबीट हे नाव जपानच्या बाजारपेठेत रुजले, तेव्हा त्याखाली ब्रिटनमधील वेगवान डिस्को आणि इटलीतील इटालो डिस्को असे दोन्ही प्रवाह एकत्र येत होते. 1986 मध्ये अल्फा रेकॉर्ड्सने 'दॅट्स युरोबीट' ही संकलनांची मालिका सुरू केली. 1990 मध्ये 'सुपर युरोबीट' आली, तिच्यामागे एवेक्स ही कंपनी होती आणि 2018 मध्ये त्या मालिकेचा 250 वा भाग निघाला. युरोपात या संगीताची लाट ओसरल्यानंतर टाइम, ए-बीट सी, डेल्टा, हाय-एनर्जी अटॅक या इटालियन संस्था मुख्यतः जपानी श्रोत्यांसाठीच गाणी बनवत होत्या. ज्या गाण्यांना त्यांच्या जन्मभूमीत फारसे कोणी विचारत नव्हते, ती जपानी कंपन्या रीतसर करार करून घेत होत्या. याला उचलेगिरी कसे म्हणावे?

कव्हर, रीमेक आणि रिमिक्स हे तीन शब्दही लेखात एकमेकांच्या जागी वापरले गेले आहेत. कव्हरमध्ये चाल तीच राहते आणि गाणारा बदलतो, बहुधा भाषाही बदलते. रीमेकमध्ये गाणे नव्या संयोजनासह पुन्हा घडवले जाते, मग गाणारा जुना असो वा नवा. रिमिक्समध्ये मूळ मुद्रित आवाज ठेवून त्याच्याभोवतीचे संगीत बदलतात. 2000 मध्ये आलेल्या 'आयु-रो मिक्स'मध्ये जपानी गायिका आयुमी हामासाकी यांची आधीच गाजलेली गाणी त्यांच्याच आवाजात, युरोबीटच्या वेगाने आणि सिंथेसायझरच्या भरगच्च साजासह ऐकायला मिळाली. तो प्रकार वेगळा आहे आणि त्याला कव्हर म्हणणे चूक आहे.

कव्हरने काय साधता येते, हे 'डान्सिंग हिरो' या गाण्याइतके दुसऱ्या कशातून दिसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 1985 मध्ये ब्रिटिश गायिका अँजी गोल्ड यांचे 'ईट यू अप' हे गाणे आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी गायिका योको ओगिनोमे यांनी ते 'डान्सिंग हिरो' या नावाने जपानीत गायले. जपानी शब्द हितोशी शिनोहारा यांचे आहेत. त्यांनी इंग्रजी गीताचा अर्थ ओळीमागून ओळ लावत बसण्याऐवजी नृत्यालयातील एका रात्रीचे स्वतंत्र चित्र उभे केले, ज्यात सिंड्रेलाची भूमिका मुलाच्या वाट्याला येते. मूळ चालीतील पुन्हा पुन्हा उसळणारे ध्रुवपद मात्र त्यांनी जसेच्या तसे राखले, आणि नाचाचे आमंत्रण देणारी इंग्रजी ओळ नेमकी तिथे ठेवली, जिथे ऐकणाऱ्याला शब्दांपेक्षा ठेका हवा असतो. जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ द्यावा लागतो, त्यामुळे इंग्रजीत एका स्वरावर मावणारा शब्द तिथे दोन किंवा तीन स्वरांवर पसरतो. चाल न मोडता हा पसारा सांभाळणे हे गीतकाराचे खरे कसब आहे आणि त्याला नक्कल म्हणता येत नाही.

या गाण्याचे पुढे जे झाले, ते मूळ निर्मात्यांच्या कल्पनेतही नसेल. आइची आणि गिफू या भागांत उन्हाळ्यातील बोन ओदोरी या पारंपरिक सामूहिक नृत्यात लोक 'डान्सिंग हिरो'वर फेर धरू लागले. 2017 मध्ये ओसाका प्रांतातील तोमिओका हायस्कूलच्या नृत्यपथकाने 1980 च्या दशकातील पोशाख आणि केशरचना करून याच गाण्यावर नृत्य बसवले. त्याची चित्रफीत देशभर गाजली आणि बत्तीस वर्षांपूर्वीचे ध्वनिमुद्रण पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आले. एका ब्रिटिश नृत्यगीताला हे दुसरे आणि तिसरे आयुष्य कव्हरमुळे लाभले. अँजी गोल्ड या गाण्याच्या सहरचनाकारही आहेत, त्यामुळे गायिका म्हणून त्यांचा आवाज मागे पडला तरी रचनाकार म्हणून त्यांचे नाव जपानी ध्वनिमुद्रिकेशी जोडलेले राहिले. हा तपशील पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे.

त्या काळातील इतर उदाहरणे वाचकांना ठाऊक असतील. फिन्झी कोन्तिनी या इटालियन गटाचे 'चा चा चा' आकेमी इशिई यांनी 1986 मध्ये गायले, आणि मायकेल फोर्तुनाती यांचे 'गिव्ह मी अप' बेब या जोडीने 1987 मध्ये. योको नागायामा यांच्या 1986 मधील 'व्हीनस'ची कथा मात्र वेगळी आहे. त्यांनी बनानारामा या ब्रिटिश गटाच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीचा धागा पकडला होता. बनानारामाची आवृत्ती ही शॉकिंग ब्लू या डच गटाच्या 1969 मधील गाण्याचा रीमेक होती. आणि त्या डच गाण्याच्या चालीचे 1963 मध्ये आलेल्या, बिग थ्री या अमेरिकी गटाच्या 'द बँजो साँग'शी असलेले साम्य कोणालाही ऐकताक्षणी जाणवेल. तेही गाणे स्टीफन फॉस्टर यांच्या एकोणिसाव्या शतकातील शब्दांना नवी चाल लावून केलेले. या साखळीत केवळ शेवटच्या, जपानी कडीलाच दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. नागायामा पुढे एन्का या जपानी गायनप्रकाराकडे वळल्या आणि तिथेही त्यांनी नाव मिळवले.

1988 च्या अखेरीस आलेले विंक या जोडीचे 'आइ गा तोमारानाइ' मला या सर्वांत अधिक विचार करण्याजोगे वाटते. स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या ब्रिटिश गीतकार-निर्मात्यांच्या त्रयीचे 'टर्न इट इंटू लव्ह' हे गाणे त्याच वर्षी कायली मिनोग यांच्या पहिल्या संग्रहात आले होते आणि हेझेल डीन यांनीही ते गायले होते. दोन्ही आवृत्त्यांत गायिका श्रोत्याला उत्साहाने आपल्याकडे ओढते. जपानी आवृत्तीत नेको ओइकावा यांच्या शब्दांवर शोको आइदा आणि साचिको सुझुकी या दोघी जवळजवळ निर्विकार चेहऱ्याने, हातांच्या मोजक्या हालचाली करत गातात. मागचे संगीत धावत असते आणि समोरच्या दोन मुली थांबलेल्या दिसतात. या विसंगतीमुळे आनंदी गाण्याला एक उदास छटा येते, जी मूळ गाण्यात नव्हती. 1989 च्या आरंभी ते ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधील ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चाल तीच, वेग जवळपास तोच, आणि तरीही भाव बदललेला; कव्हरकडून यापेक्षा अधिक काय अपेक्षावे?

1990 च्या दशकात हा मार्ग अधिक बांधीव झाला. जानेवारी 1995 मध्ये नामिए आमुरो यांनी सुपर मंकीज या आपल्या गटासह 'ट्राय मी' गायले. त्याची मूळ इटालियन निर्मिती लोलिता या नावाने आली होती. त्याच गटातील सहकाऱ्यांच्या मॅक्स या गटाने 1996 मध्ये डॉमिनो यांचे 'तोरा तोरा तोरा' घेतले. नीको यांचे 'नाइट ऑफ फायर' 2005 मध्ये हिनोई टीम या जपानी गटाने गायले. तोपर्यंत युरोबीटचा वेग मिनिटाला सुमारे 150 ते 160 ठोक्यांवर स्थिरावला होता आणि रचनेचा साचाही पक्का झाला होता: आरंभी सिंथेसायझरची ठसठशीत सुरावट, मग कडवे, चढत जाणारा मधला भाग, आणि पुष्कळदा पट्टी बदलून येणारे ध्रुवपद. युरोबीटवर समूहाने केल्या जाणाऱ्या पारापारा या जपानी नृत्यातील हातांच्या ठरलेल्या हालचाली याच क्रमाला बांधलेल्या असतात. म्हणूनच कव्हर करताना आरंभीची सुरावट गाळली किंवा पट्टी बदलण्याची जागा सपाट केली, की गाण्याचा कणाच मोडतो. असे मोडलेले नमुने पुष्कळ आहेत आणि त्यांची बाजू घेण्याची माझी इच्छा नाही. घाईघाईने केलेली, स्वस्त साथीवर गायलेली आणि मूळ नावाखाली खपवलेली ध्वनिमुद्रणे आज ऑनलाइन ऐकणाऱ्याला पदोपदी भेटतात; ती टीकेला पात्रच आहेत.

आता कायद्याविषयी. जपानी स्वामित्वहक्क कायद्याच्या 27 व्या कलमानुसार भाषांतर आणि रूपांतर यांचा हक्क रचनाकाराकडे असतो आणि 20 व्या कलमानुसार कृतीत मनाविरुद्ध फेरबदल होऊ न देण्याचाही. जासरॅक ही संस्था वादन, प्रक्षेपण आणि प्रतींची रॉयल्टी गोळा करते, परंतु रूपांतराची संमती तिच्या कक्षेत येत नाही; ती हक्कधारकाकडूनच मिळवावी लागते. म्हणजे चालीवर जपानी शब्द बसवून गाणे अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, याचा अर्थ रचनाकाराच्या बाजूने कोणीतरी होकार दिलेला असतो आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत त्याचा वाटा असतो.

गायकाचे तसे नाही. कलाकाराला मिळणारे संरक्षण त्याच्या स्वतःच्या सादरीकरणापुरते असते. कलाकारांच्या हक्कांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय रोम करारापासून हीच चौकट आहे. दुसऱ्या कोणी तेच गाणे नव्याने गायले, तर पहिल्या गायकाला त्यातून कायद्याने काहीही येणे नसते, मग त्याच्या गाण्याची ढब, श्वास घेण्याच्या जागा आणि हरकती नव्या आवृत्तीत कितीही उतरलेल्या असोत. त्याच्याकडे उरते ते फक्त नाव.

युरोबीटमध्ये तेही उरले नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. इटालियन गायिका क्लारा मोरोनी यांनी चेरी, लेस्ली हॅमंड अशा नावांनी गायले. एलेना फेरेत्ती यांनी रोज, सोफी, व्हिक्टोरिया या नावांनी. वर उल्लेखिलेल्या डॉमिनो म्हणजे आलेस्सांद्रा मिर्का गात्ती. जानकार्लो पास्क्विनी हे डेव्ह रॉजर्स या नावाने प्रसिद्ध झाले, पण ते स्वतः निर्माते आणि रचनाकार होते, त्यामुळे त्यांची ओळख टिकली. अनेक गायिकांच्या बाबतीत एका आवाजाला दहा नावे, तर कधी एकाच नावामागे निरनिराळे आवाज, असा प्रकार झाला. इटालो डिस्कोच्या काळापासून ही सवय होती. डेन हॅरो या नावाने मंचावर दिसणारी व्यक्ती एक आणि ध्वनिमुद्रणात गाणारे टॉम हूकर दुसरे, हे आज सर्वज्ञात आहे. मोजक्या गायकांना अनेक कलाकारांच्या रूपात सादर केल्याने संकलनांची यादी भरगच्च दिसत असे, हे मी समजू शकतो. परंतु त्यामुळे जेव्हा एखादे गाणे जपानीत कव्हर होऊन लाखोंच्या कानी पडले, तेव्हा मूळ गायिकेपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद झालेली होती. ओगिनोमे यांचे गाणे आवडलेल्या श्रोत्याला अँजी गोल्ड सापडतात. 'तोरा तोरा तोरा'च्या श्रोत्याला डॉमिनो हे नाव सापडते, पण त्यापुढे जायला बाहेरची मदत लागते.

ही मदत वृत्तपत्रे करू शकतात, म्हणून आपल्याला विनंती आहे. आपल्या पुरवणीत यापुढे अशा गाण्याचा उल्लेख येईल, तेव्हा जपानी गायिकेच्या नावासोबत मूळ रचनाकाराचे, जपानी गीतकाराचे आणि प्रथम गाणाऱ्या व्यक्तीचे खरे नाव, ते जाहीर झालेले असल्यास, छापावे. बहुतेक अधिकृत ध्वनिमुद्रिकांच्या पुस्तिकांत पहिली दोन नावे असतातच. तिसऱ्यासाठी थोडा शोध घ्यावा लागतो, परंतु मोरोनी, फेरेत्ती आणि गात्ती यांच्यासारख्यांच्या बाबतीत ते काम आधीच झालेले आहे. प्रस्तुत लेखाच्या पुढील भागात किंवा संकेतस्थळावरील आवृत्तीत जपानी कव्हर गीतांविषयीचे ते वाक्य दुरुस्त करता आले, आणि त्यात निदान 'डान्सिंग हिरो'पुरती शिनोहारा व अँजी गोल्ड यांची नावे देता आली, तर मी आपला आभारी राहीन.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक