आपल्या जबिरूसाठी आणि आपल्या धावपट्टीसाठी आवाहन

सर्व सभासद, माजी सभासद, देणगीदार आणि हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

गणपती नुकतेच गेलेत, दिवाळी तोंडावर आली आहे आणि वर्गणीच्या पावत्या बघून सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, याची कल्पना आहे. तरी हे पत्र दिवाळीनंतर काढण्यात अर्थ नाही. मेलबर्नच्या उत्तरेला असलेल्या आपल्या हौशी मराठी उड्डाणगटाचं विमान, म्हणजे आपलं छोटं जबिरू, महिनाभर हँगरमध्ये उभं आहे, आणि धावपट्टीबाबत स्थानिक कौन्सिलकडे लेखी म्हणणं मांडायची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. एका कामाला पैसे लागणार, दुसऱ्याला पत्रं. समितीची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली, ठराव झाला, चहा झाला, आणि लिहायचं काम रिवाजाप्रमाणे सचिवाच्या गळ्यात पडलं.

आधी विमानाचं. जबिरू चालू करण्यापूर्वी, इंजिन गार असताना, प्रोपेलर हाताने फिरवून बघायचा असतो. स्विच बंद, चाकांना अडसर, आणि मग एकेक पातं सावकाश खाली ओढायचं. चार सिलिंडर, चार वेळा हाताला घट्ट दाब लागला पाहिजे. त्या शनिवारी तीनदा लागला, चौथ्यांदा पातं लोण्यातून गेल्यासारखं खाली आलं. आपल्या एल-टू, म्हणजे देखभालीचा परवाना असलेल्या मेकॅनिकने लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमधल्या गळतीची चाचणी घेतली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी हवा सुटत होती. इंजिनाचे हजार तास भरतच आले आहेत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम तसंही करायचं होतंच: हेड उतरवणं, व्हॉल्व्ह, रिंगा, थ्रू-बोल्ट. आता ते पुढे ढकलता येणार नाही एवढंच. त्या दिवशी बेंडिगोला जायचं ठरलं होतं, डबे भरून तयार होते. ते हँगरमध्येच बसून खाल्ले. ‘एवढ्याने काय होतंय, एक चक्कर मारून येऊ’ असं एकानेही म्हटलं नाही, याचा सचिव म्हणून मला अभिमान आहे.

हे विमान आपल्याकडे कसं आलं ते नव्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबर २०१४ मध्ये कासाने, म्हणजे इथल्या नागरी विमान सुरक्षा प्राधिकरणाने, जबिरू इंजिनांच्या विमानांवर बंधनं घातली. उड्डाण फक्त दिवसा, दाट वस्तीपासून लांब, आणि शेजारी बसणाऱ्याने धोक्याची कल्पना आहे अशी लेखी सही द्यायची. इंजिनं वाटेत बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. ज्यांच्याकडे ही विमानं होती ते हवालदिल झाले आणि भाव पडले. आपल्या गटाकडे तेव्हा विमान नव्हतं, फक्त उत्साह होता. डॉक्टरकाकांनी तेव्हा बैठकीत सांगितलं, ‘पडत्या भावात घ्या, कागदपत्रं नीट बघा, देखभाल कंपनीच्या पुस्तकाबरहुकूम करा.’ अर्ध्या समितीने त्यांना वेड्यात काढलं. काकांनी पहिला चेक स्वतःचा फाडला आणि वेड्यात काढणाऱ्यांनी दुसऱ्या आठवड्यात आपापले फाडले. क्वीन्सलंडमधून विमान आणायचं तर पंख उतरवून ट्रेलरवर. ट्रेलर दिला जिलाँगच्या भाऊंनी, गाडी चालवली त्यांच्याच धाकट्या मेहुण्याने, आणि न्यू साउथ वेल्स ओलांडताना प्रत्येक पेट्रोलपंपावर ‘हे काय नेताय’ या प्रश्नाचं उत्तर देता देता त्यांचा घसा बसला. पंख जवळजवळ वर्षभर मिल पार्कच्या ताईंच्या गराजमध्ये होते. ताईंची गाडी तोवर बाहेर गारठत राहिली, हिवाळ्यात सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून त्या कामाला जायच्या. कधी शब्दाने बोलल्या नाहीत. जुलै २०१६ मध्ये, उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे देखभाल केलेल्या इंजिनांवरची बंधनं उठली तेव्हा आपलं विमान कागदोपत्री अगदी चोख होतं. काकांचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते अजूनही दर बैठकीत त्याची आठवण करून देतात. त्यांना तो हक्क आहे.

पुढचे उपकारकर्तेही विसरून चालणार नाही. हँगरच्या पत्र्यांचा खर्च ज्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ उचलला, त्यांनी पाटी लावू दिली नाही म्हणून इथेही नाव देत नाही. महिला मंडळाने बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेजच्या स्टॉलला जोडून बटाटेवडे तळले. चटणीच्या तिखटाबद्दल दोन ऑस्ट्रेलियन आजोबांनी लेखी अभिप्राय दिला होता, तो फ्रेम करून हँगरमध्ये लावलाय. त्या वड्यांच्या पैशांतून आपल्यातल्या एका मुलीचे फ्लाइंग स्कूलचे पहिले तास भरले. इथल्या नियमाप्रमाणे पंधरा पूर्ण झाल्याशिवाय एकट्याने उडता येत नाही. तिने पंधराव्या वाढदिवसाच्या आठवड्यातच सोलो केला, तेव्हा तिच्याकडे मोटार चालवायचा शिकाऊ परवानाही नव्हता. आज ती एका प्रादेशिक विमानकंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. तिचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

आता जरा मनातलं बोलतो. मार्चमध्येही आवाहन काढलं होतं. त्याला आलेल्या उत्तरांत बहुतेक अंगठे होते, थोडे हात जोडलेले, आणि एका सद्गृहस्थांनी ‘चुकून इकडे आलं वाटतं’ असं कळवलं. विमान म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं म्हणणारेही आहेत. १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवल्याचा फॉरवर्ड दर वर्षी येतो, त्याखाली अभिमानाचा पूर लोटतो. ते उडाल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. आपलं मात्र नक्की उडतं, सव्वाशे वर्षांनी, मराठी माणसांच्या वर्गणीवर, आणि त्याच्या नशिबी एक अंगठा. शाळेच्या सुट्टीत मुलांना कॉकपिटमध्ये बसवून फोटो काढायचे असतात तेव्हा ते ‘आपलं विमान’ असतं. वर्गणी मागितली की ‘तुमचं विमान’ होतं. खर्च वाटून घेतल्यामुळे आपल्याकडे टॅक्सी चालवणारे सभासद आहेत, नर्स आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. श्रीमंत कोण आहे ते मलाही दाखवा, पहिलं पत्र त्यांना लिहीन.

एक शंका नेहमी येते, तिचं उत्तर इथेच. ‘दोनशे डॉलर दिले तर एक चक्कर मारून आणाल का?’ नाही. पैसे घेऊन प्रवासी नेणं आपल्या प्रकारच्या विमानाला आणि परवान्याला चालत नाही, आणि देणगीच्या पावतीवर फुकट चक्कर लिहिली तरी ती फुकट ठरत नाही. उडायचं असेल तर शेजारच्या फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षकाबरोबर पहिला धडा घ्या, आम्ही ओळख करून देऊ. देणगी ही देणगी. तिच्यावर करसवलतही मिळत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे जूनमध्ये मला फोन नको.

दुसरी गरज एका छोट्या डबीची आहे. खिडकीला चिकटवायचं एडीएस-बी उपकरण: आपण कुठे आहोत ते आसपासच्यांना कळवतं आणि त्यांची विमानं आपल्या आयपॅडवर दाखवतं. आपल्या पट्टीवर टॉवर नाही. रेडिओवर १२६.७ वर बोलायचं, डोळे उघडे ठेवायचे, यावर सगळं चालतं. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर आजूबाजूच्या कितीतरी पट्ट्या बोलत असतात, आणि दोघांनी एकदम बटण दाबलं की कानात नुसती किंचाळी येते. २८ जुलै २०२३ ला क्वीन्सलंडमध्ये कॅबूल्चरला, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्या जागेवर, एक जबिरू आणि ग्लायडर ओढणारं विमान धडकलं; जबिरूतले दोघे गेले. २६ ऑक्टोबर २०२४ ला सिडनीच्या नैऋत्येला द ओक्सजवळ एक सेस्ना आणि एक जबिरू हवेत आदळली, तिघे गेले. त्या दोन्ही रात्री आपल्या गटावर कोणाला फारसं लिहवलं नव्हतं. अशा उपकरणांच्या निम्म्या खर्चासाठी, ५,००० डॉलरच्या मर्यादेत, केंद्र सरकारने २०२२ पासून योजना चालवली आहे. अर्ज हिशेबवाल्या ताई करत आहेत. उरलेला निम्मा आपला.

आता धावपट्टी. वॉलनच्या पलीकडे आपण आलो तेव्हा चहूकडे मेंढ्या होत्या. उतरण्याआधी एक खालून फेरी मारून कांगारूंना हाकलायचं आणि वसंतात मॅगपाय पक्ष्यांच्या चोची चुकवायच्या, एवढीच काय ती अडचण. आता कुंपणापलीकडे प्लॉट पडलेत आणि नव्या रहिवाशांनी कौन्सिलकडे आवाजाची तक्रार केली आहे. शेतमालक आजोबा आपल्या बाजूने आहेत, पण त्यांचं वय झालं, आणि जमिनीला येणारे भाव त्यांच्या मुलांना दिसतात. अशा कहाण्या नव्या नाहीत. मेलबर्नच्या बेरिकचं कॅसी एअरफील्ड १९९४ मध्ये बंद झालं आणि तिथे विद्यापीठाचा कॅम्पस उभा राहिला. सिडनीचं हॉक्स्टन पार्क २००८ मध्ये गेलं, तिथे आता गोदामं आहेत. शहराजवळची छोटी मैदानं एकदा गेली की पुन्हा होत नाहीत, आणि हलक्या विमानवाल्याला मोठ्या विमानतळावर जा म्हणणं सोपं असतं. नुसत्या रेक्रिएशनल, म्हणजे हौशी वैमानिकाच्या सर्टिफिकेटवर आपल्याला नियंत्रित आकाशात, म्हणजे हवाई नियंत्रकांच्या ताब्यातल्या हद्दीत, सहजासहजी शिरता येत नाही, तर जायचं कुठे? किल्मोर गॅपच्या खिंडीत ढग उतरले की आहे तिथून मागे फिरायचं हा आपला नियम आहे. मागे फिरायला पट्टी मात्र हवी.

यात मनाला सर्वांत जास्त काय लागलं ते लिहू की नको, यावर समितीत वाद झाला. लिहितो. त्या तक्रारअर्जावर सह्या करणाऱ्यांत आपल्यातलीच काही घरं आहेत. कोजागिरीला याच हँगरमध्ये मसाला दूध प्यालेली. त्यांच्यावर राग नाही. लहान बाळ घरात असताना डोक्यावरून इंजिन गेलं तर कोणीही वैतागेल. पण सही करण्याआधी एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं. आपण यापूर्वीच ठरवलंय की रविवारी सकाळी नऊच्या आत सर्किट, म्हणजे पट्टीभोवतीच्या सरावाच्या फेऱ्या, नाहीत, आणि वारा परवानगी देईल तेव्हा उड्डाण उत्तरेकडे, घरांपासून लांब. हे कौन्सिललाही लेखी देतोय. त्या घरांना पुन्हा आमंत्रण आहे, चहाला आणि भांडायलाही.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. ९ फेब्रुवारी २०२४ पासून कासाने क्लास ५ वैद्यकीय स्वयंघोषणा आणली, त्यामुळे मेडिकलच्या फेऱ्यांना कंटाळून लायसन्स कपाटात ठेवलेले आपले दोन ज्येष्ठ सभासद परत उडायला लागलेत. एक प्रवासी, दिवसाचं उड्डाण, दहा हजार फुटांच्या खाली. त्यांना त्याहून जास्त नकोच होतं. जबिरू नीट होईपर्यंत तेही बिचारे गवत कापायला येतात.

तपशील: इंजिनाचं काम अंदाजे ७,५०० डॉलर, उपकरणाचा आपला वाटा आणि आयपॅडचा स्टँड धरून ८००, विम्याचा वाढलेला हप्ता १,९००, एकूण १०,२००. शिल्लक ३,४००. म्हणजे ६,८०० हवेत, १५ नोव्हेंबरपर्यंत, कारण वर्कशॉपची तारीख तेवढीच मिळाली आहे आणि ती गेली तर थेट फेब्रुवारी. किमान रक्कम नाही. खातं नेहमीचंच, क्रमांक गटावर वर पिन केलाय. ‘इंजिन’ असा शेरा आणि आपलं नाव लिहा, मागच्या वेळी बिननावाचे ५० डॉलर कोणाचे ते अजून कळलेलं नाही. रोख खजिनदारांकडेच द्या, माझ्याकडे नको. काम झालं नाही तर पैसे परत. कौन्सिलच्या पत्राचा नमुना खजिनदार पाठवतील. तो जसाच्या तसा पाठवू नका, दोन ओळी स्वतःच्या घाला, एकसारखी पत्रं एकच धरतात. भाड्याने राहणारेही लिहू शकतात. श्रमदान येत्या दोन्ही रविवारी दहा वाजता: गवत, कुंपणाची तार, खड्डे. आगीच्या बंदीचा दिवस जाहीर झाला तर मशीन चालणार नाही, फक्त तारेचं काम. जाड बूट, हातमोजे, पाणी आपलं आपण आणा. जेवण महिला मंडळाकडून, पण किती जण येणार ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा.

आपला,
सचिव
(समितीच्या वतीने)

ता. क. हँगरच्या मागच्या दाराची किल्ली कोणाकडे राहिली असेल त्यांनी कृपया रविवारी आणावी. कुलूप तोडायची वेळ आणू नका, तोही खर्च यात धरलेला नाही.