ड्रॉहेडा नेमकं कुठल्या काउंटीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडचा लेख वाचला, फोटो एकदम झकास, पण ड्रॉहेडा गाव सरळ मीथ काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) टाकलेलं बघून राहवेना म्हणून लिहितोय. माझा भाचा डंडॉकला नोकरीला आहे, ती लाऊद काउंटी (स्पेलिंग बघून मी लाऊथ म्हणायचो, तो फोनवरच हसायचा). आयर्लंडातली ही सगळ्यात लहान काउंटी, साधारण ८२६ चौरस किलोमीटर, आमचा बेळगावकडचा खानापूर तालुका एकटाच तिच्यापेक्षा मोठा. वर कार्लिंगफर्डची खाडी आणि पलीकडच्या काठाला उत्तर आयर्लंड, म्हणजे तीसुद्धा आमच्यासारखी सीमेवरचीच की!

तर ड्रॉहेडा. हे बॉइन नदीवरचं बंदर, आणि मध्ययुगात ही चक्क दोन गावं होती, दक्षिण काठ मीथचा, उत्तर काठ लाऊदचा, कारभार वेगळा, आणि नदीत जहाज शिरलं की जकात कुणाची यावरून भांडणं, तीसुद्धा रक्त सांडेपर्यंत. डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या एका साधूनं प्रवचन देऊन दोघांना शांत केलं असं सांगतात. मग १४१२ मध्ये इंग्लंडच्या चौथ्या हेन्री राजाच्या सनदेनं दोन्ही गावं एक झाली, पण गंमत बघा, ते गाव ना मीथला दिलं ना लाऊदला, त्याचीच स्वतंत्र काउंटी केली! लाऊदमध्ये ते आलं १८९८ च्या कायद्यानं. दक्षिणेकडची नवी वस्ती अजून मीथमध्येच आहे, त्यामुळं तुमच्या लेखकाचं अगदीच चुकलं असंही म्हणता येत नाही.

जवळच्या मेलिफाँट मठाचं नावसुद्धा लेखात नाही याचं मात्र वाईट वाटलं. ११४२ चा, म्हणजे आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या साठेक वर्षं आधीचा, आयर्लंडातला सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा पहिला मठ. तिथून जवळच्याच मोनास्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागेवरचा दगडी क्रूस तर त्याहून जुना, साडेपाच मीटर उंच. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवला, सगळीकडं बायबलमधले प्रसंग कोरलेत आणि खाली पायथ्याशी एक मांजर आपल्या पिल्लाला चाटतंय. माझी नात प्रसंगबिसंग सोडून तेवढंच परत परत बघत बसली.

दुरुस्ती छापाल तेव्हा सोबत छोटा नकाशा द्या, बॉइन नदी ठळक दाखवून.

आपला एक जुना वाचक,
टिळकवाडी, बेळगाव